छाप आणि मूस

वाचकहो, अलीकडे एक प्रश्न आपल्या कुटुंबांतून पुन्हा पुन्हा ऐकू येतो. शहरांतील काही आईबाप मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवू लागले आहेत. तसे करणे आपणांसही उचित ठरेल काय, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने त्यात काही विशेष हेतू आहे काय, असा तो प्रश्न. तो साधा नाही. त्यात मुलाचे भवितव्य गुंतले आहे, आणि आईबापांनी एक दिवस देवापुढे द्यावयाचा हिशेबही गुंतला आहे. म्हणून घाईने 'होय' किंवा 'नाही' न म्हणता आपण थोडा विचार करू या; आणि त्यासाठी आम्ही आपणांस प्रथम मध्य प्रदेशातील इंदूर शहरी, तेथील सराफ्यात नेतो.

होळकरांच्या राजवाड्यापासून काही पावलांवर हा बाजार आहे. दिवसभर येथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री सराफ दुकाने बंद करतात, आणि थोड्याच वेळात त्याच बंद दुकानांपुढे, त्याच ओट्यांवर, कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात तळलेले गराडू, खोबऱ्याचे पॅटीस, भलीमोठी जिलेबी. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. ओटा तोच, परंतु वेळ बदलली की त्यावरचे काम बदलते. "आमच्या दोन खोल्यांच्या घरात शाळेसाठी जागा कोठून आणावी?" असे म्हणणाऱ्या पालकांनी हा सराफा डोळ्यांपुढे आणावा. ज्या चुलीपुढे सकाळी भाकरी होते, तेथेच संध्याकाळी पाटी-पुस्तक मांडता येते. उणीव जागेची नसते. वेळ राखून ठेवण्याच्या निश्चयाची असते.

सोन्याच्या धंद्यात याहून खोल असा दुसराही धडा आहे. परंपरेने सोनाराचा मुलगा ही विद्या घरीच शिकत आला. तो बापाजवळ बसे, आधी फुंकणी धरी, मग चिमट्याने मूस उचलावयास शिके. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेचा रंग पाहून कस ओळखणे, ही तर वर्षानुवर्षांची साधना. आता सरकारने जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्कची छाप सक्तीची केली आहे. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, तो याच छापेचा भाग. हे योग्यच झाले, कारण त्यामुळे गिऱ्हाईकाची फसवणूक टळते. तथापि छाप सोने शुद्ध करीत नाही. सोन्यातले हीण निघते ते आगीवर, मुशीत. शाळेचे प्रमाणपत्र ही छाप होय, आणि घर ही मूस होय. छाप हवीच, परंतु मुशीत जे झाले नाही, ते छापेने होणार नाही.

याच इंदूरच्या राज्याची धुरा पुढे ज्यांनी वाहिली, त्या अहिल्याबाईंचे शिक्षणही कोणत्या शाळेत झाले नाही. १७२५ मध्ये चौंडी या खेड्यात त्या जन्मल्या. वडील माणकोजी शिंदे यांनी त्यांना घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले, असे चरित्रकार सांगतात. राज्यकारभाराचे धडे त्यांना सासरे मल्हारराव यांजकडून मिळाले. मुलींसाठी शाळा नसण्याच्या त्या काळी एका खेड्यातील बापाने आपले कर्तव्य ओळखले, आणि त्याचे फळ सबंध माळव्याने चाखले.

मराठी ख्रिस्ती जीवनातील घरच्या शाळेचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पंडिता रमाबाईंचे. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांच्या बालपणापासून आपण पुष्कळ शिकावे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनरीतीविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि लोकांचा रोष पत्करून सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड केले. तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर हिंडले. वडील वृद्ध झालेले, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईवर आले. दिवसभर त्या माउलीला कामाची उसंत नसे. म्हणून ती पहाटे, पाखरे जागी होण्याच्या वेळी, झोपेने जड झालेल्या मुलीला लाडाने उठवी आणि पाठ म्हणवून घेई. पुस्तक नव्हते, आईचे मुख हेच पुस्तक.

१८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप दोघांनाही नेले. परंतु पहाटेची ती विद्या उरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले, पुढे पुण्याजवळ केडगावी मुक्ती सदन उभारून दुष्काळपीडित व निराधार स्त्रियांना आश्रय दिला, आणि १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. ज्या मुलीने बालपणी शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या हातून एवढे कार्य झाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आईबापांनी रमाबाईंना दिलेला धर्म निराळा होता. ख्रिस्ताकडे त्या स्वतःच्या शोधातून आल्या. घराने त्यांना दिली ती विद्येची गोडी, कष्टांची सवय आणि सत्यासाठी लोकांचा रोष सोसण्याचे धैर्य. यातून आपण काय घ्यावे? घरी शिकविणे म्हणजे मुलाला आपल्या साच्यातून काढणे नव्हे. आपण मशागत करावी, बी पेरावे; उगवण देवाच्या हाती. "घरी ठेवले म्हणजे मूल श्रद्धेत पक्के राहीलच" अशा हमीच्या अपेक्षेने जो हे काम हाती घेईल, तो मुलावर प्रेम करण्याऐवजी त्याच्यावर पहारा करू लागेल.

दुसरे घर दूरचे, फ्रान्स देशातील. परंतु त्याचा धनी जणू सराफ्यातलाच. आलांसों या गावी लुई मार्टिन यांचे घड्याळांचे व जवाहिराचे दुकान होते. रविवारी गिऱ्हाईक आले तरी ते दुकान उघडीत नसत. पत्नी झेली नाजूक लेस करवून घेण्याचा धंदा घरूनच चालवी. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. १८७७ मध्ये झेलीही वारली, तेव्हा सर्वांत धाकटी तेरेझा साडेचार वर्षांची होती. पुढे लिझिए गावी थोरल्या बहिणी पोलीन आणि मारी यांनी तिला घरीच शिकविले. आठ वर्षांची झाल्यावर ती धर्मभगिनींच्या शाळेत गेली. तेथे तिचे मन रमले नाही, आणि १८८६ मध्ये शाळा सोडून तिने एका बाईंकडे पाठ घेतले. मोठी पदवी तिने कधी मिळविली नाही. तरी १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी लिझिएच्या या संत तेरेझेला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले, आणि २०१५ मध्ये तिच्या आईबापांनाही संतपद मिळाले.

या कुटुंबाने शाळेला शत्रू मानले नाही, हे विसरू नये. थोरल्या मुली मठाच्या शाळेत राहूनच शिकल्या होत्या. शाळा असो वा नसो, मुलींच्या आत्म्यांची काळजी आईबापांनी दुसऱ्यावर सोपविली नाही, एवढेच.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२९ च्या विश्वपत्रात, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात हे स्पष्ट केले, की आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत. शाळा, सरकार, धर्मगुरू ही सर्व त्यांची मदतनीस मंडळी. आपल्यापैकी किती जण हे मानतात? फी भरली म्हणजे विद्येचे कर्तव्य संपले, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाला पाठविले म्हणजे श्रद्धेचे कर्तव्य संपले, अशीच आपली समजूत नाही काय?

आता जे पालक खरोखरच मुलांना घरी शिकवू इच्छितात, त्यांच्याशी चार व्यवहाराचे शब्द. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. तसे न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. परंतु घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यताही त्यात नाही. म्हणून जाणत्या माणसांचा सल्ला घेतल्यावाचून पाऊल उचलू नये. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे घरी अभ्यास करून दहावीची व बारावीची परीक्षा देता येते. ती वाट धरावयाची, तर अभ्यासक्रम, पुस्तके आणि परीक्षेच्या तारखा यांची माहिती वेळीच करून घ्यावी. मूस नीट पेटविली आणि छाप राहून गेली, तर पुढे दारोदार हिंडावे लागते मुलालाच.

दुसरे असे, की आपला हेतू तपासावा. शेजारच्या निराळ्या धर्माच्या वा गरीब घरच्या मुलांचा संग नको म्हणून कोणी मुलाला घरी ठेवीत असेल, तर तो ख्रिस्ती हेतू नव्हे. आपला प्रभू नाझरेथच्या घरात सुताराच्या हाताखाली वाढला खरा. परंतु तो सभास्थानातही जात असे, आणि बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांना प्रश्न विचारीत होता. मुलांना सवंगडी हवेत, खेळ हवा, दुसऱ्याच्या घरचे सुखदुःख कळावयास हवे.

तिसरी गोष्ट आम्ही अधिक कळकळीने सांगतो. 'घरी शिकवितो' या नावाखाली मुलीला धाकट्या भावंडांकडे आणि गोठ्याकडे लावणे, किंवा मुलाला शेतावर राबविणे, हे पाप आहे. घरकाम व शेतकाम मुलांना अवश्य यावे. परंतु ते विद्येच्या जोडीला, विद्येच्या जागी नव्हे. अनंतशास्त्र्यांनी मुलीला घरी ठेवले ते तिला अडाणी राखण्यासाठी नव्हे, हे ध्यानात धरावे.

आपल्या खेड्यांतील बहुतेक कुटुंबांना सगळे शिक्षण घरी देणे जमणार नाही, आणि त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. आई मजुरीला जाते, बाप बोटीवर वा कारखान्यात जातो. मुले शाळेत जावोत. परंतु लक्ष्मीबाईंची ती पहाट प्रत्येक घराला परवडण्यासारखी आहे. दिवसातून अर्धा तास पुरे. संध्याकाळची जपमाळ झाल्यावर शुभवर्तमानातील एक प्रसंग आईने सांगावा आणि मुलांनी तो आपल्या शब्दांत परत सांगावा. बापाने मुलाला जवळ बसवून दुकानाचा किंवा दुधाचा हिशेब मांडावयास शिकवावे, आणि खोटे वजन हे पाप का, तेही त्याच वेळी सांगावे. आजीला वाचता येत नसेल, तरी तिला प्रार्थना, गीते आणि संतांच्या गोष्टी मुखोद्गत असतात. तिचे मुख हेच पुस्तक. रविवारी मिस्साहून परतताना उपदेशात काय ऐकले, हे मुलांना विचारावे. म्हणजे आईबापांनाही तो लक्ष देऊन ऐकावा लागेल.

घराच्या शिक्षणाला कोणते फळ येते, हे सांगून आम्ही आवरते घेतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातील उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये धर्मभगिनी राणी मारिया यांची सुऱ्याने हत्या झाली. सावकारी पाशात अडकलेल्या गरीब आदिवासींची बाजू त्यांनी घेतली होती. त्या केरळातील पुल्लुवळी गावच्या एका शेतकरी कुटुंबातल्या. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटून त्यांच्या गावी गेला, तेव्हा वृद्ध आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले, कारण त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथेच राणी मारियांना धन्यपद देण्यात आले.

क्षमेचा हा पाठ कोणत्या इयत्तेला असतो? याची परीक्षा कोणते मंडळ घेते? एक बहीण गरिबांसाठी प्राण देते, दुसरी वैऱ्याला भाऊ करते आणि आई त्याचे हात हाती घेते, तेव्हा त्या घराने मुलांना काय शिकविले असेल, याची कल्पना आपण करावी. मुले शाळेत शिकोत वा घरी शिकोत, आईबापांनो, हा विषय मात्र आपणच शिकवावयाचा आहे. आज संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांना जवळ घ्या आणि आरंभ करा. नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या साहाय्यास असो.