भुते नव्हेत, आपलेच मृत

हॅलोविन जवळ आला की व्हेनिसजवळच्या पोवेल्या बेटाच्या भयकथांचा बाजार भरतो. त्यात गंमत आहे, बिघडले काय, असे काहीजण म्हणतात. आम्हांला ते मान्य नाही. १७९३ पासून प्लेगच्या संशयितांना त्या बेटावर विलग ठेवीत. विसाव्या शतकात १९६८ पर्यंत तेथे वृद्धांची शुश्रूषा होई. घरादारापासून तुटून मेलेल्या जीवांना पिशाच ठरविणे ही करमणूक नव्हे, अवहेलना आहे.

नेपल्सच्या गरिबांनी फोंतानेल्ले दफनगुहेतील अनामिक कवट्या दत्तक घेऊन त्या आत्म्यांसाठी प्रार्थना केल्या. प्रघात अंधश्रद्धेकडे झुकला, म्हणून १९६९ मध्ये कार्डिनल उर्सी यांनी तो बंद केला, योग्यच केले. तरी त्यामागे मृतांविषयी माया होती. भयकथांत तीही नाही.

२ नोव्हेंबरच्या मिस्सेत अशा बेवारस मृतांचेही स्मरण व्हावे. निदान आमच्या घरांत त्यांच्या नावाने मुलांना भिववू नये.