हिरवा ठिपका आणि बाजारचा चहा

कळंबच्या बाजाराला गेले की हॉटेलात बसणे होतेच. पाटीवर भजी, वडापाव, चहा यांची नावे असतात, भाव असतात. पोटात काय जाणार, ते मात्र पाटी सांगत नाही.

रंगाची खूण शेतकऱ्याला नवी नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते समजते. पण हिरव्या त्रिकोणाचे औषधही विषच असते बरे! खाण्याच्या पुड्यावरल्या हिरव्या ठिपक्याचेही तसेच. तो फक्त ‘शाकाहारी’ एवढेच सांगतो. तेलकट फरसाणावर तो असतो, गुलाबजामाच्या डब्यावरही असतो. हिरवे म्हणजे लेकराला चांगले, असे समजू नका.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांनी पदार्थापुढे उष्मांक लिहावेत, असा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. आपल्या टपरीला तो लागू नाही. असता तरी नुसता आकडा वाचून आबांना काय उमगणार? जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायला सुचवले, तर समोसा-जिलेबीवर इशारे येणार असा बोभाटा झाला! विक्रेत्यांच्या पदार्थांवर काही लावायचे नाही, असा खुलासा मंत्रालयाला जुलैत करावा लागला.

आपला हॉटेलवाला तर ओळखीचाच. त्याला म्हणा, दादा, पाटीवर चहापुढे साखरेचे चमचे काढा, भज्यापुढे तेलाचे थेंब. भाकरी-उसळीपुढे एकच थेंब येईल, भज्यापुढे चार. ज्याला वाचता येत नाही, त्याला मोजता तर येते.

मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच-सहा लहान चमचे. कपात दोन चमचे धरले, तर तीन कपांतच दिवसाचा वाटा संपला. बाजारात तर भेटेल तो पाहुणा चहा पाजतो! साखरेचा आजार असलेल्या माणसाला चारचौघांत नाही म्हणणे जड जाते. भिडेपोटी तो पितो, आणि घरी कारभारणीला सांगतही नाही. पाटीवर चमचा नसलेला कप आधीच काढलेला असला, तर नुसते बोट दाखवले की काम झाले.

खडूचा तुकडा पुरेल. चित्रे काढायला शाळेतली पोरे आहेतच.