विचारणाऱ्या मुलांच्या बाजूने

आपल्या वसतिगृहात सायंवंदनेनंतर मुले जे प्रश्न विचारतात, त्यांतील फारच थोडे प्रश्नपत्रिकेत येतात. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे थरांचे का दिसतात? काजव्याच्या उजेडाने हात का भाजत नाही? लेण्यांतील अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत, मग त्यांचा अर्थ प्रथम कोणी लावला? पाचवी-सहावीत असे प्रश्न भरभरून येतात. दहावी जवळ आली की ते आटतात. ही चिंता आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक व माजी विद्यार्थी यांच्यापुढे मांडू इच्छितो.

तिसराच प्रश्न घेऊ. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीस आणविला, तेव्हा त्यावरील लेख वाचणारा कोणी उरला नव्हता. पुढे कंपनी सरकारच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप या लिपीच्या मागे लागला. सांचीच्या स्तूपावरील पुष्कळसे छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याच्या ध्यानी आले. इतक्या जणांनी एकच शब्द का कोरावा? हे दात्यांचे लेख असावेत आणि तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला. १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली. लेखांतील ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे सम्राट अशोक, हे श्रीलंकेतील पालि ग्रंथांच्या आधारे जॉर्ज टर्नर याने दाखविले. १९१५ साली मस्कीच्या शिलालेखात अशोकाचे नावच सापडले. आपल्याकडे सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. कार्ले-कान्हेरीच्या लेण्यांना दान देणारे सुतार, गंधी, भिक्खुणी आज आपल्याशी बोलतात, त्यामागे दोन अक्षरांविषयीचे ते कुतूहल आहे. आपला हरवलेला इतिहास आपल्या हाती आला, तो कोणीतरी ‘का?’ असे विचारले म्हणून.

गुणांचे मोल आम्ही नाकारीत नाही. ज्या घरांतून पहिलीच पिढी शिकत आहे, तेथे गुणपत्रिकाच पुढचे दार उघडते. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचीच मनाई होती, त्याच्या मुलांनी केवळ दुसऱ्यांची उत्तरे पाठ करावीत, हे आम्हांस पटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनाचे. भिक्खूला प्रश्नांनी बेजार करणारा राजा आणि त्याला न रागावता उत्तर देणारा भिक्खू, अशी ही जोडी आहे. शिक्षणसंस्थेचे याहून नेमके वर्णन आम्हांस ठाऊक नाही.

यात आपलीही परीक्षा आहे. उद्या एखादी मुलगी विचारील, की बुद्धचरित्रातील अमुक चमत्कार खरोखर घडला का? तेव्हा तिला गप्प बसविणे सोपे असते. पण परंपरा, ग्रंथ किंवा गुरू सांगतो एवढ्याच कारणाने काही मानू नका, असा उपदेश कालामांना ज्यांनी केला, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळेत तरी ते शोभणार नाही. कथा कोणती, इतिहास कोणता आणि तो कशावरून ठरतो, हे तिच्यासोबत शोधणे हाच खरा आदर होय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ग्रंथालयात एक प्रश्नवही असावी. तीत मुलाने प्रश्न लिहावा, खाली नाव लिहावे. उत्तर सापडले नाही तरी पान फाडू नये. आठवड्यातून एक तास त्या वहीसाठी राखावा. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी परिचारिका आहे, कोणी अभियंता, कोणी शेतकरी. त्यांनी देणगीबरोबर वर्षातला एक शनिवारही या वहीला द्यावा. पालकांनी दिवाळीच्या सुटीत मुलाला ‘किती गुण पडले?’ असे जरूर विचारावे, आणि त्यासोबत ‘यंदा तू काय विचारलेस?’ असेही विचारावे.