बॉनेट एकदा उघडून तर पाहा

दिवाळीनंतरची सकाळ. सूनबाई नातवाला घेऊन माहेरी, नागपूरला निघाली होती. गाडी तीच चालवणार होती. फराळाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, नातवाची खेळणी, औषधं, सगळं डिकीत गेलं. मी सहज विचारलं, ‘टायर पाहिलेस का गं?’

‘बाबा, मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय. आणि टायर तर नव्यासारखे आहेत.’

नव्यासारखे होते खरे. गाडी फार चालत नाही, त्यामुळे नक्षी शाबूत होती. पण मी गुडघे सांभाळत खाली बसलो आणि टायरच्या कुशीवर छापलेला चार आकडी अंक शोधला. ३११७. म्हणजे २०१७ सालातला एकतिसावा आठवडा. आठ वर्षं हे टायर सिडकोतल्या आमच्या गल्लीत उन्हात उभे होते. नीट पाहिल्यावर कडेला बारीक भेगाही दिसल्या, जुन्या रबरी चपलेला पडतात तशा. रबर चालून झिजतं, तसं नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, झीज कितीही कमी असली तरी बदला, असं टायर बनवणारेच सांगतात. सूनबाई इंजिनिअर आहे. तो अंक तिने आयुष्यात प्रथमच वाचला. प्रवास दोन दिवस पुढे गेला, व्याहीबुवा थोडे नाराज झाले, आणि चारही टायर बदलले.

तिला मी बोल लावत नाही. या शहराला मोटारींचं वावडं कधीच नव्हतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि कितीतरी घरांतली मुलं शिफ्टला जाऊ लागली. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. २०१० च्या ऑक्टोबरात तर तेव्हाच्या औरंगाबादकरांनी एका दमात १५० मर्सिडीज खरेदी केल्या, ६५ कोटींच्या, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी आपली दखल घेतली. असं हे शहर. पण आपल्याच दारातल्या गाडीचं बॉनेट कुठल्या खटक्याने उघडतं, हे जरा शेजारीपाजारी विचारून पाहा.

मी तरी कुठे शहाणा होतो? १९९६ च्या मे महिन्यात चाळीसगावचं लग्न उरकून आम्ही जुन्या फियाटमधून परत येत होतो. औट्रम घाटाच्या चढावर बॉनेटमधून वाफ येऊ लागली. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रुमाल हातावर गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवणार, एवढ्यात मागून एका ट्रक ड्रायव्हरने ओरडून माझा हात धरला. ‘दादा, हात लावू नका! तोंड भाजून निघंल.’

मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं, दाब एकदम गेला की त्याची क्षणात वाफ होते, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो. रेडिएटरचं झाकण हे नेमकं त्याच नियमाचं उदाहरण. माझ्या डोळ्यांसमोर ते होतं आणि मला ते दिसलं नाही. त्या ड्रायव्हरने आम्हाला तासभर सावलीत बसवलं. इंजिन निवाल्यावर त्याने झाकण काढलं, तर आत पाण्याचा टिपूस नव्हता. पाण्याचा पाइप चिरला होता. त्याने ट्यूबची पट्टी करकचून बांधली, लग्नातून आणलेलं पिण्याचं पाणी ओतलं, आणि चहाचे पैसेसुद्धा न घेता निघून गेला. दोष फियाटचा नव्हता. वर्षभरात मी रेडिएटरमध्ये एकदाही डोकावलो नव्हतो.

आता तर डोकावणं सोपं झालं आहे. बहुतेक गाड्यांत कूलंटची एक अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. थंड गाडीत पातळी त्या दोन रेषांच्या मध्ये असावी, बस्स. ती वारंवार खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. बोअरचं जड पाणी त्यात ओतू नये, हंड्याला धरतो तसा क्षार आतल्या बारीक नळ्यांना धरतो. नळाला कधी चार, कधी आठ दिवसांनी पाणी आलेलं पाहिलेली माणसं आपण. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलं हे जिना चढून पाहतो, आणि दारातल्या गाडीच्या टाकीकडे मात्र ढुंकून पाहत नाही.

‘आता गाडीत कॉम्प्युटर असतो, तोच सांगतो,’ असं तरुण मंडळी म्हणतात. सांगतो, पण कधी? ऑइलचा लाल दिवा घ्या. तो ऑइल कमी झालंय म्हणून लागत नाही, ऑइलचा दाब पडल्यावर लागतो. तोवर इंजिनचे भाग कोरडे घासू लागलेले असू शकतात. त्यापेक्षा सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ती लांब पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की झालं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली तर मिस्त्रीला दाखवायचं. बाकी क्लच, गिअरबॉक्सच्या वाटेला आपण जाऊ नये.

हे ज्ञान मिस्त्री होण्यासाठी नकोच आहे. फसवणूक टळावी म्हणूनही ते हवं. सर्व्हिसिंगच्या बिलावर न समजणाऱ्या चार ओळी असतात आणि आपण खाली सही करतो. एकदा मला एअर फिल्टर बदलल्याचे पैसे लावले होते. घरी येऊन उघडला तर आतला फिल्टर जुनाच, मातीने माखलेला. त्यांनी पैसे परत केले, पण उघडून पाहिलं नसतं तर?

आणि आता दाराशी समृद्धी महामार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा. सावंगीला किंवा माळीवाड्याला वर चढलं की मोटारीला ताशी १२० ची मुभा. हवा कमी असलेल्या टायरच्या कुशी प्रत्येक फेऱ्याला वाकतात, सरळ होतात, आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापत जातो. जालना रोडच्या गर्दीत असा टायर बसला तर आपण चार शिव्या देऊन स्टेपनी काढतो. १२० च्या वेगात फुटला तर शिव्या द्यायलाही वेळ मिळत नाही. (ही स्टेपनी मूळची वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटची. नाव आपण कायमचं ठेवून घेतलं, तिच्यातली हवा मात्र पाहत नाही.)

गंमत अशी की हे सगळं शिकवायचं असं कायद्यातच लिहिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या ३१ व्या नियमात ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम दिला आहे. त्यात वाहनाची देखभाल हा स्वतंत्र भाग आहे. प्रत्यक्षात आमच्या घरातले तिघं तीन ठिकाणी शिकले आणि तिघांनाही कुणी बॉनेट उघडून दाखवलं नाही. क्लच, ब्रेक, रिव्हर्स, झालं लायसन्स. परीक्षेच्या दिवशी उमेदवाराला पाचच मिनिटं गाडीभोवती फिरवा. टायरची तारीख वाच, ऑइल दाखव, कूलंट दाखव, जॅक कुठे लावशील ते सांग. ज्याला येणार नाही त्याने पुढच्या आठवड्यात यावं. याला ना नवा कायदा लागतो, ना पैसा. आणि यात बाईमाणूस, पुरुषमाणूस असा भेद करू नये. आमच्या पिढीने बायकांना बॉनेटपासून लांब ठेवलं, आणि स्वतःही काही शिकलो नाही.

दोन दिवसांनी सूनबाई निघाली तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत सोबत गेलो. हवा भरणारा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांना पस्तीसच भरतो.’ तिने ड्रायव्हरचं दार उघडलं, चौकटीवरचा स्टिकर वाचला आणि म्हणाली, ‘तेहतीस भर. आणि डिकी उघडते, स्टेपनीतही बघ.’ पोरगा माझ्याकडे पाहू लागला. मी नातवाला कडेवर घेऊन दुसरीकडे पाहत राहिलो.