पन्नास पैशांची परीक्षा

आमच्या पेढीची बिलप्रणाली मी लिहितो. या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे कोणते प्रारूप घ्यावे, हे ठरविण्यासाठी गेल्या महिन्यात तीन प्रारूपांना एकच काम, एकाच शब्दांत सांगितले: कराची रक्कम पूर्ण रुपयांत आणा.

तिघांचाही पायथॉन कोड सुबक होता. १,२५१.५० चे सर्वांनी १,२५२ केले. परंतु १,२५०.५० देताच दोघांनी १,२५० दिले, एकानेच १,२५१. पायथॉनचे ‘राउंड’ नेमका अर्धा आला की सम अंकाकडे वळते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १७० मात्र ५० पैसे वा अधिक असल्यास पुढचा रुपया धरावयास सांगते. एकाच बिलावर परीक्षा थांबविली असती, तर चूक थेट खतावणीत उतरली असती.

मग तिसरेच उत्तम म्हणावे काय? पुढच्या कामात त्यानेच परराज्यातील विक्रीवर एकात्मिक कराऐवजी केंद्राचा व राज्याचा असे दोन कर लावले.

‘ह्यूमनइव्हल’ ही २०२१ मधील प्रसिद्ध कसोटी १६४ प्रश्नांची आहे. ते प्रश्न सर्वांस खुले असल्याने प्रारूपांनी शिकतानाच पाहिलेले असू शकतात. म्हणून जाहीर गुणांपेक्षा स्वतःची जुनी, तपासलेली बिले हीच खरी कसोटी. अशी चाळीस बिले मी आता निराळी ठेवली आहेत.

वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “विवरणपत्रावर सही यंत्राची नसते.”