आधी विचारा, मग फोन करा

दुपारी जरा डोळा लागावा आणि फोन खणखणावा, 'सर, पर्सनल लोन हवंय का?' हा अनुभव आता घरोघरचा. असे फोन नकोत म्हणून १९०९ वर नोंद ग्राहकानेच करायची आणि तरीही फोन आलाच, तर तक्रारही त्यानेच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

लोकांना जाहिरातीचे वावडे नाही. निळ्या केसांची, ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर झळकते आहे. क्रिकेट असो, निवडणूक असो वा नवा सिनेमा, ती एका ओळीत कोटी करून मोकळी होते. सिग्नलला थांबलेला माणूस वाचतो, हसतो आणि आपल्या वाटेने जातो.

'कालनिर्णय'ची गोष्ट याहून पुढची. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेली ही दिनदर्शिका लोक पदरचे पैसे मोजून घेतात. पुढे तिथी आणि संकष्टीचा चंद्रोदय, मागे पाककृती नि लेख. दुधाचा खाडाही तिच्याच चौकोनात लिहिला जातो. साहजिकच तिच्या पानांवरच्या जाहिराती घरात सुखाने नांदतात.

फोनवाल्यांना मात्र एवढा धीर नाही. ग्राहकाची संमती डिजिटल पद्धतीने नोंदवून घेण्याची तरतूद दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमावलीत आहे. तिची अंमलबजावणी कडक हवी. नकार कळवण्याचा भार ग्राहकावर कशाला? त्याचा होकार नोंदला नसेल, तर कंपनीचा फोन लागूच नये, अशी व्यवस्था दूरसंचार कंपन्यांनी करावी.