नागरिकशास्त्र की पाठांतर?

कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते अमलात आणते, न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावते. ही तीन वाक्ये आमच्या मुलांना मुखोद्गत असतात. तेवढ्यावर गुण मिळतात आणि नागरिकशास्त्र संपते. ही वाक्ये खोटी नाहीत, पण अपुरी आहेत, आणि अशा अपुऱ्या शिक्षणातून आज्ञाधारक प्रजा तेवढी निपजते. सत्ता तीन ठिकाणी का वाटली, आणि एकीने मर्यादा ओलांडली तर तिला कोणी आवरावयाचे, हा खरा प्रश्न वर्गात कोणी विचारीतच नाही.

तो विचारावयास बडोद्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. दांडिया बाजारातून सूरसागराकडे चालत गेले की न्यायमंदिराची भव्य वास्तू दिसते. तेथील न्यायालये आता नव्या इमारतीत गेली आहेत. पण वास्तूमागची कथा शिकविण्याजोगी आहे. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोदे सरकारच्या सेवेत आले, त्या सुमारास या संस्थानाने महसुली अधिकाऱ्यांकडील न्यायदानाचे काम वेगळे काढले. कार्यकारी आणि न्यायिक दंडाधिकारी वेगळे असावेत, ही व्यवस्था नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर लागू होण्यास १९७४ साल उजाडावे लागले!

याचा अभिमान आम्हा बडोदेकरांना जरूर असावा. परंतु त्या भरात आम्ही पुढचे विसरतो. संस्थानात धारासभा निघाली, तरी शेवटचा शब्द महाराजांचाच होता. सयाजीराव थोर होते म्हणून राज्य नीट चालले. त्यांच्या आधीचे मल्हारराव १८७५ मध्ये पदच्युत झाले, तेही परकीय सरकारच्या हुकुमाने. प्रजेच्या हाती कोणताच उपाय नव्हता. राजाच्या कृपेने मिळालेला न्याय आणि संविधानाने मिळालेला हक्क यांतील हे अंतर मुलांना सांगावयाचे नाही, तर सांगावयाचे काय?

कोणी म्हणेल, सत्तांचे तंटे कोवळ्या मुलांपुढे मांडले तर संस्थांविषयीचा आदर उडेल. मला हे मुळीच पटत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांचे उदाहरण घ्या. विधिमंडळ पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश संपुष्टात येतो. बिहारमध्ये मात्र १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले. त्यांतले कित्येक पुनःपुन्हा काढून, काही तर जवळजवळ चौदा वर्षे, जिवंत ठेवले गेले. म्हणजे कायदे करणारे मंडळ नावापुरते उरले आणि सरकारच कायदे करू लागले. वाधवांनी हे अभ्यासाने शोधले, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने ही रीत संविधानाची फसवणूक ठरविली.

या एका हकीकतीत राज्यसत्तेची तिन्ही अंगे आहेत, आणि त्यांना जागे करणारा नागरिकही आहे. ती ऐकून मुलांचा आदर उडणार नाही. उलट तो डोळस होईल.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की, व्याख्या अवश्य शिकवाव्या, पण तेथे थांबू नये. अर्ध्या वर्गाला सरकारची बाजू द्यावी, अर्ध्याला विधिमंडळाची, आणि निकाल कारणांसह लिहून घ्यावा. 'तीन अंगांची नावे लिहा' याऐवजी 'एक अंग चुकले तर तुम्ही कोणाकडे जाल?' असा प्रश्न ज्या दिवशी प्रश्नपत्रिकेत येईल, त्या दिवशी नागरिकशास्त्राचा पहिला तास झाला असे मी समजेन.